रिमोट कर्मचाऱ्यांसाठी ओळखी वाढवणारं ॲप: आधी दुसऱ्या भेटीचा विचार करा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कंपनीत चारशेच्या आसपास माणसं आहेत, सगळी आपापल्या घरून काम करतात, आणि एका टीमला दुसऱ्या टीममधलं कोणी माहीत नाही. म्हणून तुम्हाला 'व्हर्च्युअल नेटवर्किंग ॲप' डिझाइन करायला सांगितलंय. तीन कल्पना समोर आहेत: ऑफिसच्या नकाशावर फिरणारे अवतार (प्रत्येक माणसाची छोटी चित्ररूपं), दर आठवड्याला व्हिडिओवर मोठा मेळावा, किंवा दोघादोघांच्या जोड्या लावून देणं. यातलं काय निवडावं आणि लोक ते वापरतील कशावरून, असं तुम्ही विचारलंय. शिवाय पॉइंट आणि लीडरबोर्ड, म्हणजे कोणाचे पॉइंट जास्त याची क्रमवार यादी, हवाच, असा वरून आग्रह आहे.

मी बारा वर्षं कंपन्यांच्या अंतर्गत वापराची सॉफ्टवेअर डिझाइन करतेय आणि या प्रकारची ॲप तीन वेळा केली आहेत. त्या अनुभवावरून सांगते, तुमच्या तिन्ही कल्पना भेटायला जागा देतात, पण जागेची वानवा आजही नाही. चॅट आहे, कॉल आहे, कोणीही कोणालाही या क्षणी मेसेज करू शकतं. तरी कोणी करत नाही, कारण अनोळखी माणसाला उगाच कशाला त्रास द्यायचा, असं प्रत्येकाला वाटतं. निमित्त नसतं. आणि निमित्त काढून एकदा बोलणं झालंच, तरी ते तिथेच संपतं. तुम्हाला सोडवायचाय तो प्रश्न हा आहे.

एका छताखाली काम करताना हे कसं होत होतं ते आधी बघू. १९५० साली लिऑन फेस्टिंगर, स्टॅनली शॅक्टर आणि कर्ट बॅक यांनी एमआयटीच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. मैत्री मुख्यतः शेजारच्या दाराशी झालेली आढळली, आणि ज्यांची घरं जिन्यालगत होती त्यांच्या ओळखी वरच्या मजल्यापर्यंत पोचलेल्या होत्या. त्या लोकांचा स्वभाव जास्त बोलका होता असं काही नाही, येणारे-जाणारे त्यांच्या दारावरून जात होते. पुढे सत्तरच्या दशकात थॉमस ॲलन यांनी इंजिनिअर मंडळींबद्दल दाखवलं की दोघांच्या टेबलांमधलं अंतर वाढलं की बोलणं झपाट्यानं कमी होतं, आणि पन्नासेक मीटरच्या पुढे ते जवळजवळ उरतच नाही. या दोन्ही ठिकाणी कोणी कोणाला आमंत्रण दिलेलं नव्हतं. माणसं पुन्हा पुन्हा नजरेस पडत होती, त्यातून पहिला शब्द सहज निघत होता आणि दुसराही.

घरून काम सुरू झालं की नेमकं काय जातं, याचं उत्तर मायक्रोसॉफ्टमधल्या ६१,१८२ कर्मचाऱ्यांच्या अभ्यासातून मिळतं. तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २०२० च्या पहिल्या सहा महिन्यांतला डेटा त्यात होता. आपल्या टीममधले जवळचे संबंध टिकले, पण वेगवेगळ्या गटांना जोडणारे धागे कमी झाले आणि ओळखींचं एकूण जाळं गोठल्यासारखं झालं. एकाच कंपनीचा आणि महासाथीच्या काळातला हा अनुभव आहे, तेव्हा तो जसाच्या तसा तुमच्याकडे लागू होईल असं मी म्हणणार नाही. पण मी ज्या कंपन्यांत काम केलं तिथे हेच चित्र होतं. जवळची माणसं जवळच राहतात, तोंडओळखी मात्र जातात. आणि तोंडओळखीला कमी लेखू नका. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्येच मांडलं होतं की नवी माहिती, अगदी नव्या नोकरीची बातमीसुद्धा, बहुतेकदा अशा सैल ओळखींतून येते, कारण जवळच्या माणसांना जे ठाऊक असतं ते आपल्यालाही ठाऊकच असतं. म्हणून तुमच्या ॲपचं उद्दिष्ट एका वाक्यात लिहून भिंतीवर लावा: टीमबाहेरच्या तोंडओळखी वाढवणं आणि टिकवणं. जिवलग मैत्री करून देणं हे आपलं काम नाही.

आता तुमच्या पर्यायांकडे येते.

मोठा मेळावा मी आधीच बाजूला ठेवते. पॉल इन्ग्राम आणि मायकल मॉरिस यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशाच एका मेळाव्यात लोकांच्या अंगावर इलेक्ट्रॉनिक बिल्ले लावून कोण कोणाशी बोलतं ते नोंदवलं होतं. नव्या लोकांना भेटायचंय, असं येण्यापूर्वी सांगणारी माणसं आत गेल्यावर आपल्या ओळखीच्यांकडेच वळली. हे समोरासमोरच्या भेटीतलं झालं. व्हिडिओवर तर चाळीस चौकोनांतला एक जण बोलतो आणि बाकीचे ऐकतात.

अवतारांच्या नकाशाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण माझं पहिलं ॲप तेच होतं आणि मला ते मनापासून आवडलं होतं. पहिल्या आठवड्यात गर्दी झाली. तिसऱ्या आठवड्यात नकाशा ओस पडला. तेव्हा आम्ही रंग बदलले, खोल्या वाढवल्या, छोटे खेळ घातले. कशाचाही उपयोग झाला नाही. मग एका सहकाऱ्यानं कागदावर साधा हिशोब मांडला. समजा चारशेपैकी चाळीस जण रोज या नकाशावर डोकावतात आणि प्रत्येक जण पाच मिनिटं थांबतो. म्हणजे दोनशे मिनिटांची हजेरी. कामाचा दिवस आठ तासांचा, म्हणजे ४८० मिनिटं. २०० भागिले ४८० म्हणजे कोणत्याही क्षणी आत सरासरी अर्धा माणूससुद्धा नाही. जो येतो त्याला खोली रिकामी दिसते, तो मिनिटभरात निघून जातो, म्हणजे पाच मिनिटंही थांबत नाही. पुढचा येतो, त्यालाही तेच दिसतं. दिवसभरात चाळीस माणसं येऊन गेली आणि एकाचीही दुसऱ्याशी गाठ पडली नाही.

त्यामुळे नकाशा करायचाच असेल तर त्याला वेळ बांधून द्या. आठवड्यातून दोनदा, ठरलेली वीस मिनिटं, बाकीच्या वेळी दार बंद. तेच चाळीस जण वीस मिनिटांत आले, प्रत्येकी पाच मिनिटं थांबले, तर आत एका वेळी सरासरी दहा माणसं असतात. डिझाइन तेच, पण खोली भरलेली. आणि खोल्यांची संख्या कमीत कमी ठेवा. दहा माणसं सहा खोल्यांत विखुरली की पुन्हा तोच रिकामेपणा.

तरीसुद्धा मी सुरुवात जोड्यांपासून करेन. त्यातलं जे काम अवघड वाटतं ते सोपं आहे, आणि जे सोपं वाटतं त्यातच ॲप फसतं.

अवघड वाटतं ते म्हणजे जोड्या लावण्याचं गणित. ते जुनं आहे. कोणाचीही कोणाशी जोडी लागू शकते अशा परिस्थितीत सर्वांत चांगल्या जोड्या कशा काढायच्या याची पद्धत जॅक एडमंड्स यांनी १९६५ मध्ये दिली आणि तिच्या तयार लायब्ररी, म्हणजे आयता कोड, आज मिळतात. चारशे माणसांसाठी तर यादी पन्नास-शंभर वेळा पिसून, दर वेळी वरून खाली जोड्या लावत जाऊन, त्यातली सर्वांत चांगली मांडणी उचलली तरी भागतं. खरा विचार लागतो तो कुठल्या जोडीला किती गुण द्यायचे हे ठरवताना. एकाच टीममधले असतील तर गुण कमी. आधी भेटले असतील तर त्याहून कमी. दोघांच्या मोकळ्या वेळा जुळत नसतील तर जोडी नाहीच. आणि एक नियम पक्का करा: कोणाचीही जोडी त्याच्या वरिष्ठाशी, किंवा त्या वरिष्ठाच्या वरिष्ठाशी लागता कामा नये. ते बोलणं गप्पांचं राहत नाही, मुलाखत होते. माणसं विषम संख्येत असतील तर एक त्रिकूट करा. खरं तर थोडी जास्त त्रिकुटं केली तरी चालतील, कारण तिघांतला एक आला नाही तरी भेट होते.

वेळांच्या बाबतीत एक तांत्रिक सूचना. डेटाबेसमध्ये 'यूटीसीपासून (जागतिक प्रमाणवेळेपासून) अमुक तास' असा आकडा साठवू नका, टाइमझोनचं नाव साठवा. बऱ्याच देशांत वर्षातून दोनदा घड्याळ पुढे-मागे होतं आणि तुमचा आकडा त्या दिवशी चुकतो. आणि फरक नेहमी पूर्ण तासांचा असतो असं धरून स्क्रीन बनवू नका, नेपाळचं घड्याळ यूटीसीच्या पावणेसहा तास पुढे असतं.

आता जे सोपं वाटतं ते. जोडी लागली, दोघांना कळवलं, पुढे काय? इथली एक चाचणी मी विसरलेले नाही. नुकतीच रुजू झालेली एक डेव्हलपर आमचं दुसरं ॲप वापरून बघत होती. स्क्रीनवर समोरच्याचं नाव, फोटो, खाली 'भेट ठरवा' असं मोठं बटण. तिनं कर्सर बटणावर नेला आणि थांबली. बराच वेळ थांबली. मग माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला आणि मला विचारलं, "हे दाबलं की त्यांना नक्की काय जाईल? मी बोलावलंय असं दिसेल का?" आम्ही ते दाखवलंच नव्हतं. आमच्या दृष्टीनं ती फक्त कॅलेंडरची एक नोंद होती. तिच्या दृष्टीनं ती एका अनोळखी, अनुभवानं मोठ्या माणसाच्या दारावर टकटक करणार होती.

त्या एका प्रश्नानंतर आम्ही तीन गोष्टी बदलल्या. समोरच्याला जाणारा मेसेज शब्दशः आधी दाखवायला लागलो. तो मेसेज ॲपच्या नावानं जायला लागला: "या फेरीत तुमची दोघांची जोडी लागली आहे. मंगळवारी ११ वाजता १५ मिनिटं दोघांनाही मोकळी दिसतात, ती राखून ठेवली आहेत. जमणार नसेल तर इथे बदला." पुढाकार कोणाचाच नाही, म्हणून संकोचही कोणालाच नाही. आणि बटणच काढून टाकलं. फेरीत यायचं की नाही, एवढंच माणसानं सांगायचं, वेळ ॲपनं ठरवायची.

हे झाल्यावर पहिल्या भेटी होऊ लागल्या. अडचण पुढची होती. पंधरा मिनिटांत कुठल्या टीममध्ये आहात, कधीपासून आहात, काय करता, एवढंच होतं. संभाषणात मजा यायला लागते आणि वेळ संपते. दोघंही म्हणतात, "पुन्हा बोलू या," आणि कोणीच पुन्हा बोलत नाही. सुरुवातीला आम्ही दर फेरीत नवा माणूस देत होतो, त्यामुळे प्रत्येकाच्या खात्यात एकदाच भेटलेल्यांची यादी तयार झाली आणि त्यातल्या एकालाही अडचणीच्या वेळी मेसेज करण्याइतकी ओळख झाली नाही.

म्हणून माझा आग्रह आहे की एका जोडीला दोन भेटी द्या. पहिली पंधरा मिनिटांची, दुसरी आठ-दहा दिवसांनी, दहाच मिनिटांची. दुसरी भेट आपोआप कॅलेंडरवर येते. पहिल्या भेटीनंतर दोघांना वेगवेगळं, खासगीत विचारायचं: "दुसरी भेट ठेवू का?" दोघंही हो म्हणाले तरच ती राहते. एक जरी नाही म्हणाला तर दोघांनाही सारखाच मेसेज जातो की या फेरीत दुसरी भेट नाही. कोणी नाकारलं हे कधीच कळता कामा नये, आणि ही गोष्ट विचारण्याआधीच स्क्रीनवर लिहा, नाहीतर भिडेपोटी सगळे हो म्हणतील. दुसऱ्या भेटीत "तुमचं ते काम झालं का?" या प्रश्नानं सुरुवात होते. त्या एका प्रश्नासाठी हा सगळा खटाटोप आहे.

प्रोफाइलमध्ये 'आवडीनिवडी' हा रकाना ठेवू नका. लोक वाचन, संगीत, प्रवास लिहितात आणि चारशे प्रोफाइल सारखी दिसतात. त्याऐवजी दोनच प्रश्न ठेवा: "सध्या कशावर अडकला आहात?" आणि "तुम्हाला कशाबद्दल विचारलं तर आनंदानं सांगाल?" एका ठिकाणी एकानं पहिल्या प्रश्नाखाली लिहिलं होतं, "जुन्या बिलिंग सिस्टीममधला डेटा बाहेर काढता येत नाही." दुसऱ्या विभागातल्या एका बाईंनी ती सिस्टीम आठ वर्षं चालवली होती आणि हे कोणाला ठाऊक नव्हतं. त्यांची जोडी लागली तेव्हा पंधरा मिनिटं पुरली नाहीत. ही उत्तरं दर फेरीला ताजी करायला सांगा, कारण सहा महिन्यांपूर्वीची अडचण आज शिळी झालेली असते.

व्हिडिओबद्दल. स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलच्या थकव्याची चार कारणं मांडली होती: सतत अगदी जवळून रोखलेल्या नजरा, स्वतःचाच चेहरा समोर दिसत राहणं, एका जागी जखडून बसणं, आणि हावभाव समजून घ्यायला-पोचवायला लागणारी जास्तीची मेहनत. दोघांच्या गप्पांसाठी यातलं काहीच गरजेचं नाही. कॉल आवाजावर सुरू होऊ द्या, कॅमेरा हवा त्यानं लावावा, स्वतःचा चौकोन आपोआप झाकलेला असावा. ज्यांना ऐकायला त्रास होतो त्यांच्यासाठी कॅप्शन हवेत, आणि निव्वळ लिहून बोलायची सोयही हवी. कॉलची यंत्रणा स्वतः बांधू नका. वेबआरटीसी या ब्राउझरमधल्या कॉलच्या तंत्रज्ञानावर दोन माणसांना थेट जोडता येतं हे खरं, पण कंपन्यांच्या फायरवॉलमागे ती जोडणी अडते, मग मधले सर्व्हर लागतात, त्यांची देखभाल लागते. कंपनीत आधीपासून जे कॉलिंग आहे त्याची लिंक टाका. किंबहुना पहिल्या वर्षी वेगळं ॲप तरी कशाला, लोक ज्या चॅटमध्ये दिवसभर असतात त्यातच हे सगळं बसवा.

त्या डेव्हलपरनं नंतर आणखी एक गोष्ट विचारली होती: "हे माझ्या मॅनेजरला दिसतं का?" हा प्रश्न मी त्यानंतर प्रत्येक कंपनीत ऐकला आहे आणि त्याचं उत्तर नि:संदिग्ध 'नाही' असायला हवं. कोण कोणाला भेटलं, किती वेळ बोललं, कोणी फेरी टाळली, यातलं काहीही नावानिशी कोणाच्याही डॅशबोर्डवर जाऊ नये. एकत्रित आकडे द्यायचे तर गट दहापेक्षा लहान असेल तेव्हा आकडाच दाखवू नका, कारण चार जणांच्या टीमची सरासरी म्हणजे जवळपास नावंच. रेकॉर्डिंग नाही, संभाषणाचं लिखित रूप साठवणं नाही. ही गोष्ट धोरणाच्या पानात पुरून न ठेवता पहिल्याच स्क्रीनवर दोन वाक्यांत लिहा. कायद्याच्या बाजूनंही हे महत्त्वाचं आहे. युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याखाली, कर्मचाऱ्यानं मालकाला दिलेली संमती खरोखर मोकळेपणानं दिलेली आहे का याबद्दल नियामक साशंक असतात, कारण नोकरीत असताना 'नाही' म्हणणं सोपं नसतं. त्यामुळे 'सगळ्यांनी टिक केलंय' यावर विसंबू नका. मुळात माहितीच कमी गोळा करा.

लीडरबोर्डला माझा स्पष्ट विरोध आहे, आणि वरिष्ठांना सांगायला कारण हवं असेल तर ते असं. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, ज्या मुलांना चित्र काढायला आवडत होतं त्यांना आधी बक्षीस कबूल करून चित्रं काढायला लावली. नंतर बक्षीस नसताना ती मुलं चित्रांकडे कमी वळली. मोठ्यांचं याहून वेगळं होत नाही. एका कंपनीत माझा विरोध असताना प्रत्येक भेटीला पॉइंट ठेवले गेले. दोन महिन्यांनी काही जोड्या कॉल लावून, आवाज बंद करून, आपापलं काम करत बसत होत्या. वेळ भरला की पॉइंट मिळत होते. यादीत सर्वांत वर असलेल्या माणसाला विचारलं तर भेटलेल्यांपैकी दोघांचीही नावं पटकन आठवेनात.

वरिष्ठांना आकडा तर हवाच असतो आणि ते रास्त आहे. त्यांना हा द्या. सुरुवातीच्या आधी आणि सहा आठवड्यांनंतर, निनावी, एकच प्रश्न: "गेल्या पंधरा दिवसांत तुमच्या टीमबाहेरच्या किती जणांना तुम्ही न कचरता थेट मेसेज केलात?" ॲप किती वेळा उघडलं, किती मिनिटं बोललं गेलं, हे आकडे मागे ठेवा. ते वाढले म्हणजे ओळखी वाढल्या असं होत नाही. दुसरी भेट किती जोड्यांनी राखली, हा एकच अंतर्गत आकडा मी रोज बघायचे, तोही नावांशिवाय.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील. माणसं पन्नासच्या आत असती तर मी ॲप करूच नका म्हटलं असतं, एखादी संयोजक व्यक्ती पुरते. माणसं अशा देशांत विखुरलेली असतील की कामाचे तास जुळतच नाहीत, तर थेट कॉलचा हट्ट सोडा आणि दोन-दोन मिनिटांच्या आवाजी निरोपांची देवाणघेवाण करून बघा. तीही आठवडाभर चालते आणि आश्चर्य वाटेल इतकी मोकळी होते. कंपनीत नुकतीच कपात झाली असेल तर काही महिने थांबा, आत्ता कुठलंही नवं ॲप पाळत ठेवायला आलंय असंच वाटेल. आणि ही पंधरा मिनिटं कामाच्या वेळेत धरली जातील, असं मॅनेजर मंडळींनी लेखी सांगितल्याशिवाय काहीच सुरू करू नका. माझं तिसरं ॲप डिझाइनच्या दृष्टीनं सगळ्यांत चांगलं होतं आणि ते याच एका गोष्टीवर अडलं. भेट ठरत असे, आणि त्या वेळेवर मॅनेजरची मीटिंग येऊन बसे.

तेव्हा एवढ्यात स्क्रीन काढू नका. चाळीस इच्छुक माणसं घ्या, एका स्प्रेडशीटमध्ये हातानं जोड्या लावा, निरोप स्वतः पाठवा. दोन भेटींची एक फेरी, अशा सहा आठवड्यांत तीन फेऱ्या होतील. प्रत्येक फेरीनंतर, ज्या जोड्यांची दुसरी भेट झाली नाही त्यांच्यापैकी जे स्वतःहून बोलायला तयार असतील अशा पाच-सहा जणांशी बोला. भेट का राहून गेली, एवढंच विचारा. कोणी नाकारली, हे विचारू नका. त्यांची उत्तरं जशीच्या तशी, त्यांच्याच शब्दांत, स्प्रेडशीटच्या शेवटच्या रकान्यात लिहून ठेवा. कोणी वेळेचं सांगेल, कोणी "काय बोलायचं ते सुचेना" म्हणेल, कोणी मॅनेजरचं. ज्या कारणाची ओळ सर्वांत जास्त वेळा येईल, त्याची स्क्रीन सगळ्यांत आधी काढायला घ्या.